लोंबीच्या तळाचे हिरवे दाणे

परळच्या ज्या धर्मग्रामात मी सध्या सेवा करतो, तेथे भाताचे शेत डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाच्या आगेरा सणाला, आमच्या वेदीपुढे भाताच्या लोंब्यांची जुडी येते. एके काळी माहीम, परळ, माटुंगा, शीव या परिसरात भात पिकत असे, हे सांगितले की आमची मुले हसतात. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढील काही दशकांत दादर-माटुंग्याची उरलीसुरली शेते रस्त्यांखाली आणि वसाहतींखाली गेली. गिरण्या चालू होत्या तोवर लालबाग-परळच्या चाळींना कापणीचा महिना निदान ठाऊक असे, कारण कोकणातला कामगार रजा काढून गावी जाई. १९८२ च्या संपानंतर तेही ओसरले.

मी स्वतः वसईच्या शेतकरी घरातला. हळव्या भाताची कापणी जवळ आली की माझे वडील रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहत. नुसते उभे राहत. मग एखादी लोंबी तळहातावर घेत, शेंड्याकडून तळाकडे पाहत आणि अगदी तळाचा एक दाणा तोडून दातांखाली धरत. दूध निघाले तर एक शब्दही न बोलता घरी परतत. दाणा कट्कन तुटला की म्हणत, "उद्या विळे काढा." लहानपणी मला वाटे, लोंबीवर काही दाणे अजून हिरवे असताना ही घाई कशाला? एकदा मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "सगळे पिवळे होईपर्यंत थांबलास तर खाली पडलेले वेचत बसशील."

कृषिशास्त्रही याहून फार वेगळे सांगत नाही. भाताची लोंबी एकाच दिवशी फुलत नाही. शेंड्याची फुले आधी उमलतात, तळाची आठवडाभराने. म्हणून दाणेही मागेपुढे पिकतात. फुलोऱ्यानंतर सुमारे महिन्याने लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पेंढ्याच्या रंगाचे झाले की कापणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानंतरही थांबले तर शेंड्याचे दाणे झडतात. दिवसाचे ऊन आणि रात्रीचे दव यांनी उरलेल्यांना आत भेगा पडतात आणि गिरणीत तांदळाऐवजी कणीच हाती येते. त्यात परतीचा पाऊस कोसळला तर विचारूच नका.

या सर्वांत एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. हिरवा दाणा दोन प्रकारचा असतो. ज्यात अजून दूध आहे, तो कापला तर त्याचा तांदूळ कधीच होत नाही. तो सुकून पोचट राहतो. परंतु जो चिकाच्या पुढे जाऊन आतून घट्ट झाला आहे, तो रंगाने हिरवट असला तरी कापल्यानंतर उन्हात वाळून पुरा होतो. म्हणजे हिरवेपणा किती, एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या जातीचा, हेही पाहावे लागते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दाणा दातांखाली धरावा लागतो.

हे मला उशिरा उमगले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. (पापनिवेदनासाठी नव्हे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) चाळीतल्या एका खोलीवरून थोरल्या भावाशी त्यांचे बोलणे अकरा वर्षे बंद होते. ते म्हणाले, "फादर, मनातला राग काही गेलेला नाही. पण या नाताळात दादाच्या घरी जाऊन यावे म्हणतो." मी त्यांना सांगितले की, अर्ध्या मनाने जाऊ नका, प्रार्थना करा, राग पुरता निवळू द्या, मगच जा. सल्ला मोठा शहाणपणाचा वाटला, मलाही, त्यांनाही. ईस्टरच्या आधीच थोरला भाऊ हृदयविकाराने गेला.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे विवेकाविषयीचे विवेचन शिकवले होते. विचार सावकाश करावा, पण निर्णय झाल्यावर कृती त्वरेने करावी, असा त्यातला एक मुद्दा. माझे वडील तो बांधावर रोज आचरत होते; मी मात्र परीक्षेपुरता पाठ केला. तेथेच हेही शिकलो होतो की, १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अपूर्ण पश्चात्तापाला निरर्थक मानले नाही. देवावरील निर्मळ प्रेमातून नव्हे, तर पापाच्या किळसेतून किंवा शिक्षेच्या भयातून उपजलेला, परंतु पाप सोडण्याचा निश्चय असलेला पश्चात्तापही माणसाला प्रायश्चित्त संस्काराकडे येण्यास पुरतो. ख्रिस्तसभा जेथे एवढ्यावर दार उघडते, तेथे मी त्या माणसाकडून पूर्ण निवळलेले मन मागत होतो! त्याचा राग हिरवा होता, हे खरे. पण जायचे, हा निश्चय आतून घट्ट झालेला होता. मी रंग पाहिला, दाणा दातांखाली धरलाच नाही.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. केवळ पाहुण्यांच्या आग्रहापोटी वेदीपुढे आणलेली जोडपी मी पाहिली आहेत; तेथे दाण्यात निव्वळ दूध होते आणि 'थांबा' म्हणणे माझे कर्तव्य होते. गव्हातले निदण कापणीपर्यंत राहू द्या, असे सांगणाऱ्या धन्याचा दाखला आम्ही धर्मगुरू थांबण्याच्या समर्थनार्थ वारंवार देतो. मार्कच्या शुभवर्तमानातला पीक तयार होताच विळा घालणारा शेतकरी मात्र आम्हांला क्वचितच आठवतो.

यंदाच्या आगेऱ्याला मिस्सा संपल्यावर वेदीपुढच्या जुडीतली एक लोंबी मी हातात घेतली आणि तळाचा दाणा चावून पाहिला. तो कट्कन तुटला. सभामंडपाच्या मागच्या बाजूला तेच गृहस्थ खुर्च्या आवरत होते. माझा सल्ला चुकला होता, हे मी त्यांना आजवर सांगितलेले नाही. योग्य शब्द सुचेपर्यंत थांबलो होतो. हा लेख छापून येण्यापूर्वी, उद्या संध्याकाळीच, मी त्यांच्या चाळीत जाणार आहे. कसे बोलायचे ते अजून नीटसे जुळलेले नाही.