कुणाचा रे तू?

मुलांना माणसांचा आदर करायला शिकवावे, हे सर्वांना मान्य आहे. प्रश्न एवढाच की, ते शिकवावे कसे? कारण आपण सांगतो तिकडे मुलांचे कान कमी आणि आपण वागतो तिकडे त्यांचे डोळे फार.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. सांगताना मान खाली जाते. पण ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार मला नाही. गेल्या वर्षी आषाढी करून घरी आलो. दुसऱ्याच दिवशी नातू शाळेतला सोबती घेऊन आला. पोरगा गुणी, आल्याबरोबर पाया पडला. मी विचारले, "कुणाचा रे तू?" त्याने आईचे नाव सांगितले. मी म्हटले, "आईचं नव्हे, बापाचं सांग." पोर गप्प झाले. तरी माझे चालूच, "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" पोर उठून निघून गेले. पुढ्यातला लाडू तसाच राहिला. संध्याकाळी नातू म्हणाला, "आबा, वारीत तुम्ही समोर येईल त्याला माउली म्हणता. तिथं कुणाला बापाचं नाव विचारता का?"

मला उत्तर आले नाही. रात्री हरिपाठाला बसलो, तर जीभ अडखळू लागली. ज्यांचा हा हरिपाठ, त्यांनाही लोकांनी हेच विचारले होते! विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. त्याची शिक्षा चार लेकरांना झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना 'संन्याशाची पोरं' म्हणून वाळीत टाकले. ज्या लेकराला गावाने दूर लोटले, त्यालाच आज आपण माउली म्हणतो. जनाबाई दामाशेटींच्या घरची दासी. कान्होपात्रा मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक. आधी घराणे विचारले असते, तर आपल्या संतमेळ्यात उरले किती असते?

बाबांनो, चोखोबांचा मुलगा कर्ममेळा आठवा. त्याच्या अभंगांत देवाशी भांडण आहे. आपल्याला हीन कुळात का घातले, असा त्याचा रोकडा सवाल आहे. पोराला लागलेला बोल असा खोल जातो. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. तिच्यापुढे आम्ही शतकानुशतके वाकलो, आणि त्यांच्याच समाजाला राउळाचे दार मात्र बंद ठेवले. ते उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे भजन एक आणि वागणे दुसरे असू शकते, हा धडा आम्ही पिढ्यानपिढ्या मुलांना दिला. मुले तोही नीट शिकली.

कोणी म्हणेल, "मग मुलांना घराण्याचा अभिमान नसावा काय?" अवश्य असावा. कुळधर्म पाळावा, आजी-पणजीच्या गोष्टी सांगाव्यात. पण आपल्या आईवर माया करण्यासाठी दुसऱ्याच्या आईला नावे ठेवावी लागत नाहीत. दुसरा म्हणेल, "कोणी कसाही वागला तरी त्याला मान द्यायचा का?" वाईट वागण्याला वाईट म्हणावेच, वागणे माणसाच्या हाती असते. जन्म आणि आईबाप त्याच्या हाती नसतात. जे त्याच्या हाती नाही, त्याचा जाब त्याला का पुसावा?

आणखी एक सांभाळायचे. आदर म्हणजे दया नव्हे. "बिचारं पोरगं, बाप नाही त्याला," असे म्हणताना आपण एक पायरी वर उभे असतो. वारीत तसे नसते. मी तुमच्या पाया पडतो, त्याच क्षणी तुम्हीही वाकता. दोघेही वाकल्यावर थोर कोण हे पाहायला उभा राहतोच कोण? मुलांना शिकवायचा आदर तो हाच. गोपाळपूरच्या काल्यात कोणाच्या शिदोरीतले काय, हे कोणी निवडीत बसत नाही. घरच्या पंगतीतही बसू नये. पाहुणा गेल्यावर त्याच्या जातीची, घरची कुजबुज करू नये. मुले ती दाराआडून ऐकत असतात. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम केला. कागद सुधारला. जीभ सुधारणे आपल्याकडे आहे.

चार दिवसांनी नातवाला घेऊन मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई कामावरून नुकतीच आली होती. म्हटले, "माउली, माझं चुकलं." आणि वाकलो. ती गोंधळली, मागे सरली, मग तीही वाकली. दोन्ही पोरे पाहत होती. नातवाला त्या दिवशी मी कसलाही उपदेश केला नाही.

तो मुलगा आता आमच्याकडे येतो, जेवतोही. पण अजून उंबऱ्याशी क्षणभर थबकतो, माझ्याकडे पाहतो आणि मग आत येतो. त्याचे ते थबकणे हे माझ्यावरचे ऋण आहे. ते कधी फिटेल ते पांडुरंग जाणे. तोवर दारात कोणाचेही लेकरू आले, तर मी एवढेच म्हणतो, "ये बाळ, बस. भूक लागली का?"

रामकृष्णहरि.