पैसे पोचले, माल वाटेत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी भोपळा बघतं, लाकडावरून बोट फिरवतं, पण सौदा ठरतो तो कानावर. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो आणि बसका आवाज एकदम खुलतो. जवारी लागली. मग पैशांचं बोलणं निघतं. थोडा विसार, बाकी वाद्य ताब्यात घेताना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्याच फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावायच्या शिकलगारीतला हात तंतुवाद्यांकडे वळवला. त्या परंपरेतल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आता गिऱ्हाईक पुण्यात नाहीतर बंगळुरूत बसलेलं असतं. मोबाईलवर फोटो बघतं, दर विचारतं, यूपीआयने रक्कम पाठवतं. पैसे क्षणात पोचतात, वाद्य मात्र घडायला महिने घेतं आणि नंतर पेटीत बसून ट्रान्सपोर्टने निघतं. जवारी फोटोत ऐकू येत नाही. शिवाय तो फोटो खरंच त्याच कारखान्यातला आहे, की कुणीतरी दुसऱ्याच्या पानावरून उचललाय, हेही फोटो सांगत नाही.

अनोळखी माणसाशी व्यवहार करणं नवं नाही. नवं आहे ते पैसा आणि माल यांच्या वेगातलं अंतर. पूर्वी दोन्ही सारख्याच संथपणे चालायचे, आणि मधल्या वेळेत राखण करायला कुणीतरी तिसरा असायचा. व्ही.पी.पी.ने मागवलेलं पुस्तक पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय हातात देत नसे. व्यापारी रेल्वेने माल पाठवायचा आणि त्याची पावती, म्हणजे बिल्टी, बँकेकडे द्यायचा. समोरचा बँकेत पैसे भरून बिल्टी सोडवायचा, मग स्टेशनावरून माल उचलायचा. सांगलीच्या हळदीच्या पेठेत शेतकरी परगावच्या खरेदीदाराला ओळखत नसला तरी अडत्याला ओळखतो, आणि अडत्याला बाजार समितीचा परवाना असतो.

हा तिसरा जिथे नसतो तिथे काय होतं, ते आपल्या सांगली जिल्ह्याने द्राक्षात पाहिलं आहे. तासगाव, मिरज, पलूस या पट्ट्यात व्यापारी थेट बागेत येतो. पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, बांधावर चहा घेतो, घरातल्यांची चौकशी करतो. पुढच्या गाड्या उधारीवर जातात, चेक वटत नाही, फोन बंद. हंगामामागून हंगाम अशा बातम्या येतात. या शेतकऱ्यांनी तर माणसाचं तोंड पाहिलेलं असतं, आवाज ऐकलेला असतो. म्हणून ‘माणूस बघून व्यवहार करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. माणूस बरा आहे की वाईट, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा मधल्या वेळेत पैसा कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारावं.

ऑनलाइन ठकसेन नेमका तो तिसराच बाजूला सारतो. खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर बोलणं सुरू झालं की म्हणतो, “इथे कमिशन कापतात, तुम्ही थेट पाठवा, हजार रुपये कमी करतो.” किंवा तो सैन्यात असतो, बदली झालेली असते, मोटारसायकल स्वस्तात काढायची असते, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आधी फक्त टोकन मागतो. दुसऱ्या दिवशी गेटपासचे पैसे, मग जीएसटी, मग विमा, ‘हे सगळं डिलिव्हरीला परत मिळेल’ असं सांगत. पहिले दोन हजार वाचावेत म्हणून माणूस पाच हजार घालतो, ते वाचवायला आणखी आठ. फसवणूक खरी इथे रुजते. म्हणून पहिली रक्कम गेलीच असं धरून दुसरी न पाठवणं, एवढं जरी जमलं तरी पुष्कळ वाचतं.

विकणाराही यातून सुटत नाही. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ असं कुणी म्हटलं की तिथेच थांबावं. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला कधीच लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली, ते अशाच लबाडीमुळे. वस्तू घेणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी पडद्यावर समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, ते सावकाश वाचावं. दुकान मिरजेचं आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर असेल तर कारण विचारावं. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. पण क्रमांकही चोरता येतो, म्हणून त्यावरचं नाव खात्याच्या नावाशी जुळतं का बघावं. तानपुऱ्यासारखी वस्तू असेल तर व्हिडिओ कॉलवर कारखाना दाखवायला सांगावं, शेजारी आजचा पेपर ठेवून तार छेडायला सांगावं. खरा कारागीर यात अपमान मानत नाही.

कायद्याचा आधार कुठवर आहे तेही कळायला हवं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७च्या परिपत्रकात ठरवलं, की खातेदाराच्या नकळत तिऱ्हाइताने पैसे काढले आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर भुर्दंड त्याच्यावर पडू नये. पण आपणच पिन टाकून ठकाला पाठवलेले पैसे त्यात बसवणं अवघड. तिथे उरतो तो वेग. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवलं तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळण्याआधी गोठवता येतात. आणि नेमका हाच वेळ लोक शरमेत घालवतात. घरात सांगत नाहीत, कारण ‘एवढा शिकलेला, आणि फसला कसा?’ हे ऐकून घ्यावं लागतं. असं बोलणारे आपण सगळेच त्या ठकाला तासभर जास्त मिळवून देतो. मला याचा मनापासून राग येतो.

मिरजेपुरतं एक करता येण्याजोगं आहे. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांची नोंद ठेवायची तरतूद आहे. मानांकन मिळवणाऱ्या संस्थांनी या कारागिरांची नावं, पत्ते आणि दुकानाच्या खात्यांची नावं जाहीर लावावीत. लांबच्या गिऱ्हाइकाची रक्कम संस्थेच्या खात्यात घ्यावी; लाकूड-भोपळ्यापुरते पैसे कारागिराला लगेच द्यावेत, कारण त्याचं भांडवल अडकून चालणार नाही, आणि उरलेले वाद्य पोचून वाजल्यावर. असे हिशेब चोख ठेवणारी माणसं सांगली-मिरजेच्या पेढीपेढीवर आहेत.