पात्र कोण?

मूल जन्मले की आपल्या घरांत त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. आमच्या नात्यातल्या एका मुलीलाही तिच्या आजोबांनी ती दिली होती. दीड वर्षाने कळले की, तिला जन्मापासून ऐकूच येत नाही.

मग कॉक्लिअर इम्प्लांटचा विषय निघाला. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. हे यंत्र मात्र आतल्या कानात बसवलेल्या तारेतून विजेचे संकेत थेट श्रवणाच्या नसेला देते. आधी मूल त्यासाठी पात्र आहे का, हे पाहतात. बेरा चाचणी होते, काही महिने श्रवणयंत्र लावून पाहतात, एमआरआय काढतात. नसच नसेल तर हे यंत्र कामाचे नाही. शरीराचा असा निकाल आला, तर तो आपण मान्य करतो.

मुलीच्या सगळ्या चाचण्या ठीक आल्या. अडले ते पुढच्या प्रश्नांवर. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षे वाचा-उपचार लागतात. तिला आणणार कोण? घरात दखनी, बाहेर मराठी. बोलायला शिकवणार कोणत्या भाषेत? वडील रिक्षा चालवतात, आईला आणखी दोन लहान मुले. कागदावर शेरा पडला : 'पालकांचा सहभाग शंकास्पद.'

आम्हाला राग आला. तरी विचार केल्यावर शेरा लिहिणाऱ्याची अडचणही कळली. केंद्राच्या एडिप योजनेतून गरिबांच्या मुलांना हे यंत्र मिळू शकते. पण सराव झाला नाही, तर लाखोंचे यंत्र कपाटात पडून राहते. मग ते दुसऱ्या मुलाला का देऊ नये? प्रश्न खोटा नाही. पण इथे अपात्र कोण ठरले? मुलगी, की तिच्या आईकडे नसलेले एसटीचे भाडे आणि रिकामा दिवस?

नस नसणे कोणाच्या हातात नाही. भाडे नसणे मात्र आपल्या हातात आहे. मशिदीच्या रंगरंगोटीला मोहल्ल्यात वर्गणी जमते. या मुलीच्या आठवड्याच्या दोन फेऱ्यांना का जमू नये? 'सहभाग शंकास्पद' हा शेरा एका आईवर नव्हता, तो आम्हा सर्वांवर होता.

शेवटी तीन घरांनी वार वाटून घेतले. अर्ज पुन्हा गेला आणि मंजूर झाला. आता मुलगी आजोबांच्या हाकेला वळून पाहते. झोपताना, आंघोळीला बाहेरचे यंत्र काढावे लागते. तेव्हा घरचे हातांच्या खुणांनी बोलतात.

आणि नसच नसती तर? तरीही खुणांची भाषा तिच्या हक्काचीच होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांकेतिक भाषेला स्थान दिले आहे. यंत्रासाठी एखादे मूल अपात्र ठरू शकते. भाषेसाठी, माणसांशी बोलण्यासाठी कोणतेही मूल अपात्र नसते. आजोबांनी अजान देताना ऐकण्याची चाचणी कुठे घेतली होती?