मध्यम वयाचा थकवा आणि तप

झाशी जिल्ह्यात बेतवा, म्हणजे प्राचीन वेत्रवती, नदीच्या तीरावर एरच नावाचा जुना कसबा आहे. तेथे प्राचीन नाणी व कोरीव लेखांच्या विटा सापडल्या आहेत. हीच हिरण्यकशिपूची राजधानी आणि येथल्याच डोंगरावरून प्रल्हादास नदीत लोटण्यात आले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. इतिहासाचा निर्णय काहीही असो. ह्या पितापुत्रांच्या कथेत संसारी मनुष्याच्या एका परिचित दुःखाचे निदान मात्र निश्चित आढळते.

वयाची पंचेचाळीस वर्षे उलटलेल्या गृहस्थाकडे पाहावे. अन्नवस्त्राची ददात नाही, मुले हाताशी आली आहेत, समाजात मान आहे. तरी सकाळी उठताच त्यास शीण वाटतो आणि एके काळी आवडीचे असलेले काम नकोसे होते. कामाच्या अखंड ताणातून येणारी ही ग्लानी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात नोंदविली. मात्र तिला रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. अशा वेळी गृहस्थ आत्मसुधारणेच्या मार्गास लागतो. पहाटे उठण्याचा नेम, उपवास, व्यायाम, नव्या विद्येचा अभ्यास, असे एकावर एक संकल्प तो करतो. संकल्प वाईट नसतात. परंतु वर्षभराने पाहावे तो थकवा दुणावलेला असतो! असे का व्हावे?

भागवताच्या सातव्या स्कंधात ह्याचे उत्तर आहे. भाऊ हिरण्याक्ष मारला गेला तेव्हा हिरण्यकशिपूने शोकाकुल मातेस देहाची नश्वरता व आत्म्याचे नित्यत्व उत्तम रीतीने समजावून दिले. ज्ञानाची त्याच्याजवळ उणीव नव्हती! आणि लगेच तो मंदराचलाच्या दरीत तपास उभा राहिला, तो मात्र स्वतः अजर, अमर व अद्वितीय व्हावे म्हणून. मुंग्यांनी त्याचे मांस खाल्ले तरी तो ढळला नाही. ब्रह्मदेवाने त्यास नवे तेजस्वी शरीर दिले, त्रैलोक्याचे राज्यही मिळाले. परंतु इंद्रिये न जिंकलेला तो राजा तृप्त झाला नाही. त्याच्या प्रयत्नात कसूर नव्हती, हेतूत होती.

मध्यम वयाचा मनुष्यही पुष्कळदा असेच तप करतो. आपण मागे पडू नये, वार्धक्य दिसू नये, इतरांहून उणे ठरू नये, ह्या भयाने केलेला नेम म्हणजे कार्यालयातील स्पर्धाच घरी आणणे होय. दंभ व अहंकाराने देहास पीडा देणाऱ्या तपास गीतेच्या सतराव्या अध्यायात आसुरी म्हटले आहे. त्याच अध्यायात मनाची प्रसन्नता, सौम्यपणा आणि भावनेची शुद्धी ह्यांस मानसिक तपाचे स्थान दिले आहे. आणि सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म व निद्रा ह्या सर्वांचे प्रमाण राखावयास सांगितले आहे. अतिनिद्रेप्रमाणे अतिजागरणही योगास बाधकच आहे.

प्रल्हादाने आपल्या सवंगड्यांपुढे आयुष्याचा हिशेब मांडला आहे. शंभर वर्षांतील अर्धी निद्रेत, वीस बाळपणी व खेळात, वीस जराजर्जर अवस्थेत. उरलेली थोडी घरादाराच्या आसक्तीत. हा हिशेब अधिक धावण्यासाठी नाही, कशासाठी धावावे हे ठरविण्यासाठी आहे.

म्हणून थकलेल्या गृहस्थाने नवा संकल्प करण्यापूर्वी जुने ओझे तपासावे. शक्तीबाहेरचे काम असेल तर ते धैर्याने कमी करावे. ते भित्रेपणाचे लक्षण नव्हे. शीण हटत नसेल तर वैद्यास दाखवावे. पत्करलेले कर्तव्य मात्र, त्यायोगे आपण किती मोठे झालो ह्याचे माप न घेता, ईश्वरार्पण बुद्धीने करावे. रात्री निजताना ‘आज मी किती पुढे गेलो?’ ह्याऐवजी ‘आज माझ्यामुळे घरात कोणाचा भार हलका झाला?’ एवढेच स्वतःस विचारावे. जे तप केल्याने मन सौम्य होते तेच खरे. ज्याने मन कठोर व अतृप्त होते, ते कितीही उग्र असले तरी हिरण्यकशिपूचेच समजावे.