न घडलेल्या अपघाताची नोंद

चेंबूरच्या माणसाला वासांची ओळख लहानपणीच होते. माहुलकडून येणारा तेलाचा वास वेगळा, देवनारच्या कचऱ्याचा वेगळा आणि ज्याचं नाव सांगता येत नाही पण ज्याने डोळे चुरचुरतात तो तिसराच. १९५४-५५ मध्ये इथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले, पुढच्या दशकात खतांचा कारखाना आला. तीन पाळ्यांत चालणाऱ्या या पट्ट्यात ज्यांच्या घरचं कोणी कामाला आहे, त्यांच्या तोंडी हेल्मेट, परमिट, टूलबॉक्स टॉक हे शब्द सहज येतात. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी भारत पेट्रोलियमच्या माहुल इथल्या रिफायनरीत स्फोट झाला. चाळीसहून अधिक जण जखमी झाले, हादरा आसपासच्या वस्त्यांना जाणवला. त्या दुपारी फोन लागत नाही म्हणून दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसांना सुरक्षितता म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

या कारखान्यांच्या शिस्तीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिला तिथे ‘निअर मिस’ म्हणतात. उंचावर काम करणाऱ्याच्या हातून पाना निसटला, खाली कोणी नव्हतं, कुणाला खरचटलंही नाही. तरी नोंद करायची. कुठे, केव्हा, कसं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी ते सगळ्यांना सांगायचं, पान्याला दोरी बांधायची, वर काम चालू असेल तोवर खालची वाट बंद ठेवायची. १९३१ साली अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख यांनी मांडलं, की एका मोठ्या अपघातामागे कितीतरी किरकोळ अपघात आणि त्याहून कितीतरी जास्त थोडक्यात हुकलेले प्रसंग असतात. त्यांच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. हुकलेला प्रसंग लिहून ठेवण्याची सवय मात्र जगभरच्या कारखान्यांत टिकली, आणि तिने माणसं वाचवली.

आता दुसरा प्रसंग घ्या. तो कारखान्यातला असेल, नाक्यावरच्या दुकानातला असेल किंवा स्टेशनजवळच्या एखाद्या ऑफिसातला. सुपरवायझर कंत्राटी पोराला दहा जणांसमोर आईवरून शिवी देतो. टेबलावर फाइल आपटतो. ‘बाहेर भेट, बघतो तुला,’ म्हणतो. बिलिंगला बसणाऱ्या मुलीच्या खुर्चीमागे कोणीतरी रोज गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहतो. याची नोंद कोणत्या वहीत होते? बहुतेक ठिकाणी कुठल्याच नाही. आजूबाजूचे सांगतात, ‘त्याचा स्वभावच तसा आहे, मनाने चांगला आहे.’ पोराला सांगतात, ‘मनाला लावून घेऊ नकोस.’ मुलीला सांगतात, ‘तू जागा बदलून बस.’ म्हणजे पाना पडतोच आहे, आणि आपण खालून जाणाऱ्याला सांभाळून चाल म्हणतो आहोत.

कामाच्या जागी ज्या दिवशी हात उठतो, त्याच्या मागे असे न लिहिलेले किती प्रसंग साठलेले असतात! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविषयी करार क्रमांक १९० मंजूर केला. त्यात नुसत्या धमकीलाही हिंसेच्या व्याख्येत जागा आहे, आणि एकदाच घडलेली गोष्टही त्यात येते. दहा वेळा होऊ दे, मग बघू, हे त्या व्याख्येत बसत नाही. मला हा त्या करारातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

मुंबईत हे बोलताना परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांचं नाव टाळता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी, कामानंतर तळघरात कपडे बदलत असताना, तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. कामावरून त्याच्याशी त्यांचे आधी खटके उडाले होते, असं या प्रकरणाविषयी लिहिलं गेलं आहे. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली एकेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या खाटेवर गेली. सहकारी परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांना सांभाळलं. त्या सेवेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. पण दोन गोष्टी आपण पटकन ओलांडतो. एक म्हणजे, हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, तो अरुणाताईंना नीट उपचार मिळावेत म्हणून आणि स्वतःला कामाची सुरक्षित परिस्थिती मिळावी म्हणूनही. दुसरी अधिक बोचणारी. खटला चालला तो चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचार त्यात आलाच नाही. तिच्या नावाला बट्टा लागू नये, ही भावना त्यामागे होती असं सांगितलं जातं. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली.

चांगल्या मनाने झाकलेली गोष्टसुद्धा झाकलेलीच असते. संस्थेचं नाव, बाईचं नाव, घराण्याचं नाव, असं काहीतरी राखायला आपण गप्प बसतो आणि ज्याच्यावर बोट ठेवायला हवं तो मोकळा सुटतो. त्या तळघरात त्या वेळी आणखी कोण जात असे, दिवा होता का, दाराला आतून कडी होती का, हे प्रश्न हल्ल्याच्या आधी कुणी विचारले असते तर? पान्याला दोरी बांधणं म्हणजे तेच. परिचारिकेला कपडे बदलायला स्वतःची खोली, रात्रपाळीच्या बाईला घरापर्यंत गाडी, गोडाऊनच्या मागच्या बोळात उजेड. माणसं सुधारायला वेळ लागेल. दिवा आणि कडी आठवड्यात लागू शकतात.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांची गोष्टही अशीच आहे. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला भयंकर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कायदा हात उठल्यानंतर येतो. त्याआधीचे दोन तास कॅज्युअल्टीच्या दारात गेलेले असतात. पेशंट आत, घरचे पंधरा जण बाहेर आणि आत काय चाललंय ते सांगायला कोणीच नाही. ज्या डॉक्टरने सांगायचं, तो छत्तीस तास जागा. त्या दारात दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन दोन वाक्यं बोलणारा एक माणूस नेमणं, हा मारहाण रोखण्याचाच उपाय आहे.

असे प्रसंग आधीच रोखण्याच्या कामासाठी चेंबूरकरांना दूर पाहायची गरज नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये इथे आली, आणि देशातल्या कारखान्यांना कामगार कल्याण अधिकारी घडवून देण्यात तिचा मोठा वाटा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला असा अधिकारी ठेवणं बंधनकारक केलं. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणाऱ्या बाया जिथे येतात, त्या पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. त्यातली साधी जाण मला महत्त्वाची वाटते: दुखावलेल्या माणसाने तुमचा पत्ता शोधत फिरायचं नसतं, तुम्ही त्याच्या वाटेवर बसायचं असतं. आपल्या कितीतरी ऑफिसांत तक्रार समिती आहे, पण ती कुठे बसते हे शिपायालाही माहीत नाही.

निअर मिसच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. त्या नोंदीत दोष कुणाचा हे विचारत नाहीत, कसं घडलं ते विचारतात, म्हणून लोक मोकळेपणी लिहितात. शिवी देणाऱ्या सुपरवायझरबाबतही हा प्रश्न उपयोगी आहे. त्याच्याकडे माणसं कमी आहेत का, वरून टार्गेटचा धोशा आहे का, सलग ओव्हरटाइम चालू आहे का, हे पाहावंच. पण थप्पड आणि अंगाला हात लावणं यांना हुकलेला प्रसंग म्हणता येत नाही. तिथे पाना पडलेला असतो, लागलेलंही असतं. तिथे समजुतीची चहा-बैठक नको. तक्रार, चौकशी आणि शिक्षा हवी. आणि नोंद करणाऱ्याची बदली झाली, कंत्राट संपलं, रजा नामंजूर झाली, की ती वही कायमची कोरी राहते, हे व्यवस्थापनाने ध्यानात ठेवावं.

चेंबूर कॅम्पातल्या दुकानांत, क्लासेसमध्ये, दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं कामाला असतात. तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती नसते. अशा ठिकाणच्या आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी, कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. तक्रार लेखी हवी आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करावी, हेही कायद्यात आहे. घरी कामाला येणाऱ्या ताईंना हे आपण सांगितलेलं नसतं. त्या सहा घरी जातात, म्हणजे त्यांची कामाची जागा सहा घरं आहेत आणि त्यातलं एक आपलं आहे.

जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात, तिथे अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि लैंगिक छळाच्या परिणामांची माहिती ठळक जागी लावणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. उद्या कामावर गेल्यावर आपल्याकडे तो कागद कुठे लागला आहे ते पाहा. नसेल तर लेखी विचारा, आणि एकट्याने विचारू नका, दोघा-तिघांच्या सह्या घ्या. सह्या करणाऱ्यांत एखादा पुरुष असू द्या, आणि एखादा कायम नोकरीतलाही. कंत्राटी माणसाच्या सहीमागे त्याचं बळ लागतं.