संत योसेफाच्या नावाचे जहाज

बुडालेल्या जहाजावर हक्क कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आहे. ज्याने ते शोधून काढले त्याचा, ज्याच्या सागरी हद्दीत ते बुडाले त्या राष्ट्राचा, की ज्या राजाचे निशाण त्यावर फडकत होते त्याच्या वारसांचा, असा वाद न्यायालयांतून वर्षानुवर्षे चालतो. परंतु या प्रश्नाच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. समुद्राच्या तळावरून आपण वर काय आणतो, आणि ते कशासाठी आणतो? हा प्रश्न नीतीचा आहे. आणि पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या मिशनरींकडून ज्या समाजाच्या पूर्वजांनी श्रद्धा स्वीकारली, त्या आपल्या समाजाला तो परका नाही.

बुडालेल्या जहाजाकडे पाहण्याची एक दृष्टी सर्वांच्या परिचयाची आहे, ती खजिन्याची. डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘गेल्डरमाल्सन’ हे जहाज १७५२ साली दक्षिण चीन समुद्रात बुडाले. १९८५ साली एका व्यावसायिक शोधकाने त्यातील माल वर काढला आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्याचा लिलाव झाला. चिनी मातीची हजारो भांडी आणि सोन्याच्या लगडी जगभरच्या हौशी संग्राहकांच्या घरी पोचल्या. ज्या जहाजाने हे सारे वाहून नेले त्याची बांधणी, मालाची रचना, त्यावरील माणसांचे जगणे यांची शास्त्रशुद्ध नोंद मात्र मागे राहिली नाही. वस्तू वाचल्या, त्यांचा वृत्तान्त बुडाला.

त्याच दशकात खजिना शोधणाऱ्या काही पाणबुड्यांना दक्षिण आफ्रिकेत केप टाउनलगत, क्लिफ्टनच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० मीटरवर, आणखी एका जहाजाचे अवशेष आढळले. हे एखादे जुने डच जहाज असावे, असा त्यांनी तर्क केला. सोनेनाणे सापडण्यासारखे तेथे काही नव्हते. पुढे २०१० च्या सुमारास केप टाउनच्या इझिको संग्रहालयातील सागरी पुरातत्त्वज्ञ याको बोशॉफ यांना तेथील दप्तरखान्यात एका पोर्तुगीज कप्तानाची जबानी मिळाली आणि त्या अवशेषांचे खरे स्वरूप उलगडू लागले. तळाशी मिळालेले तांब्याचे खिळे व पत्रे जुन्या डच जहाजाशी जुळणारे नव्हते. लिस्बनहून निघताना त्या पोर्तुगीज जहाजात लोखंडाच्या लगडी भरल्याची नोंद पोर्तुगालमध्ये मिळाली, आणि तशाच लगडी क्लिफ्टनच्या समुद्रतळावर होत्या. ते जहाज ‘साव जुझे – पाकेते द आफ्रिका’ होते. साव जुझे म्हणजे संत योसेफ.

२७ एप्रिल १७९४ रोजी ते लिस्बनहून निघाले. मोझांबिक बेटावर त्याने सुमारे पाचशे गुलाम स्त्री-पुरुष भरून घेतले आणि ३ डिसेंबर रोजी ब्राझीलमधील मारान्याँवकडे प्रस्थान ठेवले. पूर्व आफ्रिकेतील माणसे अटलांटिकपलीकडे नेऊन विकण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक होता. २७ डिसेंबर रोजी, नाताळनंतर दोन दिवसांनी, जहाज क्लिफ्टनच्या खडकांवर आदळले. कप्तान, खलाशी आणि निम्म्याहून थोडे अधिक गुलाम वाचले. अंदाजे २१२ माणसे बुडाली. जी वाचली ती काही दिवसांतच केपच्या डच वसाहतीत विकली गेली. कप्तानाने मागे ठेवलेली जबानी ही सर्वस्व गमावलेल्यांसाठी केलेला विलाप नव्हे. तो जहाज आणि माल यांच्या नुकसानीचा हिशेब आहे.

त्या लोखंडी लगडींविषयी थोडे थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. जहाज पाण्यात डळमळू नये म्हणून त्याच्या तळाशी जे ओझे घालतात त्याला दर्यावर्दी लोक निरम म्हणतात. साखर, मीठ, धान्य असा जड माल असला तर वेगळ्या निरमाची फारशी गरज पडत नाही. परंतु माणसे वजनाने हलकी असतात, आणि ती हालचाल करतात. म्हणून ‘साव जुझे’वर १४०० हून अधिक लोखंडी लगडी चढविण्यात आल्या. बाजारात विकायचा माल जिवंत असल्यामुळे त्याचे वजन लोखंडाने भरून काढावे लागले! बुडालेल्यांपैकी कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ते तेथे होते याची सर्वांत भक्कम साक्ष देते ते हे लोखंड. समुद्रतळाच्या कठीण गोळ्यांत गुरफटलेल्या बेड्यांचे अवशेषही क्ष-किरणांच्या साहाय्याने ओळखता आले. ‘गेल्डरमाल्सन’वरील सोन्याची लगड आणि ‘साव जुझे’वरील लोखंडाची लगड यांत अधिक मोलाची कोणती, हे ठरविताना मोल या शब्दाचा अर्थच आपल्याला पुन्हा विचारावा लागतो.

या घटनेतील एक तारीख ख्रिस्ती वाचकाच्या मनाला सहज सोडणार नाही. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. गोव्यास येण्यापूर्वी १५४१-४२ मध्ये हाच संत सुमारे सहा महिने मोझांबिक बेटावर होता आणि तेथील इस्पितळात रुग्णांची सेवा करीत स्वतः आजारी पडला होता. ते बेट १७५२ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होते. ज्या बेटावर संताने आजाऱ्यांची शुश्रूषा केली, त्याच बेटावरून, त्याच्याच सणाच्या दिवशी, येशूच्या पालनकर्त्या पित्याचे नाव धारण करणारे जहाज पाचशे माणसे विकावयास घेऊन निघाले. बाळ येशूला घेऊन एका रात्रीत परदेशी पळून जावे लागलेल्या त्या सुताराचे नाव! आणि कप्तानाचे आडनाव परेरा होते. आपल्या धर्मग्रामांच्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांत हे आडनाव किती पानांवर आहे, हे वाचकांना सांगावयास नको. आडनाव एक म्हणून नाते एक होत नाही, आणि दोषही वारशाने येत नाही. तथापि, ‘हे दुसऱ्या कोणाचे पाप’ असे म्हणून पान उलटणेही आपल्याला तितके सोपे राहत नाही.

येथे तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा, की जे बुडाले ते शांतपणे पडून राहू द्यावेत. समुद्र हीच त्यांची कबर. या भावनेविषयी आम्हांला आदर आहे. २००१ साली युनेस्कोने पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी जो करार केला, त्यानेही अवशेष जागच्या जागी राखणे हाच पहिला पर्याय मानला, व्यापारासाठी त्यांचा उपसा नाकारला आणि मानवी अवशेषांचा मान राखण्यास सांगितले. परंतु कबरीची शांती आणि विस्मृतीची शांती या दोन वेगळ्या गोष्टी होत. कबरीवर क्रूस असतो, नाव असते, वर्षातून एकदा फुले येतात. क्लिफ्टनच्या खडकांवर दोनशे वर्षांहून अधिक काळ यांपैकी काहीच नव्हते. किनाऱ्यावर माणसे उन्हात विसावत होती. काइनाने भावाला मारल्यावर जमिनीतून रक्ताने हाक दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. परमेश्वराने ती हाक दाबून टाकली नाही. ती ऐकून काइनाला त्याच्या भावाविषयी विचारले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जिवंत गरिबांना अन्न-औषध मिळत नसताना गंजक्या लोखंडावर पैसा का खर्चावा? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. समुद्रातील लोखंडात क्षार मुरलेले असतात. ते वर काढून नुसते वाळू दिले तर काही काळात त्याच्या खपल्या पडून भुगा होतो. म्हणून ते अल्कधर्मी द्रावणात महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे ठेवून क्षार हळूहळू काढून टाकावे लागतात. पाण्याने फुगलेल्या लाकडाचीही तीच गत. स्वीडनचे ‘वासा’ जहाज १९६१ साली वर काढल्यावर त्याच्या लाकडावर मेणासारख्या द्रव्याचा फवारा १७ वर्षे चालू ठेवावा लागला. जपणूक करण्याची तयारी नसेल, तर वर काढणे म्हणजे दुसऱ्यांदा बुडविणे होय. म्हणूनच आम्हांला वाटते, की थोडेच वर काढावे आणि जे काढू ते पूर्ण निष्ठेने सांभाळावे. राहिला प्रश्न गरिबांचा. ज्या समाजाने काल माणसाला मालाच्या यादीत घातले ते तो का घालू शकला, हे त्याला समजले नाही, तर आज वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या बोटीवर उचल फेडण्यासाठी राबणारा वेठबिगारही त्याला दिसणार नाही. गतकाळाच्या दुःखाकडे पाहण्याची सवय आणि वर्तमानाच्या दुःखाकडे पाहण्याची सवय या एकाच डोळ्याच्या आहेत.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. अशा गोष्टी उकरून काढल्या की ख्रिस्तसभेची बदनामी होते, आणि शेवटी तो त्या काळाचा रिवाजच होता, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. येथे सत्याची बाजू सोडून चालणार नाही. १४५२ साली परमगुरू निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला सारासेन व इतर अख्रिस्ती लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली, हे खरे आहे. १५३७ साली परमगुरू पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे बजावले, हेही खरे आहे. सतराव्या शतकात कार्ताहेना बंदरात येशूसंघीय धर्मगुरू आलोन्सो द सांदोव्हाल यांनी जहाजातून उतरलेल्या गुलामांची चौकशी केली, तेव्हा आफ्रिकेच्या बंदरांत अर्थ न सांगताच अनेकांच्या डोक्यावर स्नानसंस्काराचे पाणी ओतले गेल्याचे त्यांना आढळले आणि त्यांनी ते १६२७ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडले. त्यांचे शिष्य संत पीटर क्लेव्हर अन्नपाणी घेऊन जहाजांच्या तळघरांत उतरत असत. त्यांच्याच संघाच्या मालकीचे गुलाम होते, हेही विसरता येत नाही. मग काळाचा रिवाज म्हणजे काय? रिवाज सर्वांसाठी सारखाच होता. पण एकाला जहाजाच्या तळाशी माल दिसला, दुसऱ्याला भाऊ दिसला. काळाला दोष देऊन आपण संतांचे मोठेपण पुसतो आणि कप्तानाला निर्दोष ठरवितो.

परमगुरू ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले ते ३ डिसेंबर १८३९ रोजी; ‘साव जुझे’ला मोझांबिक सोडून त्या दिवशी बरोबर ४५ वर्षे झाली होती. आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये परमगुरू जॉन पॉल दुसरे सेनेगलच्या गोरे बेटावर, गुलामांना जेथून जहाजात चढवीत असे मानले जाते त्या घरात उभे राहिले आणि ख्रिस्ती माणसांच्या हातून घडलेल्या या पापाबद्दल त्यांनी देवाची क्षमा मागितली. त्यामुळे ख्रिस्तसभा लहान झाली नाही. क्षमा मागण्यासाठी प्रथम घडलेले जसेच्या तसे सांगावे लागते.

प्रायश्चित्ताच्या संस्कारात आपण तीन पायऱ्या शिकलो आहोत: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. बुडालेल्या जहाजाचे उत्खनन हे आमच्या मते समाजाचे पापनिवेदन होय. निवेदनात सोयीचे तेवढेच सांगून भागत नाही. संख्या, ठिकाण, प्रकार सांगावे लागतात. पुरातत्त्वज्ञ समुद्रतळावर दोरीची चौकट आखून प्रत्येक खिळ्याची जागा नोंदवितात, तेव्हा ते नेमके हेच करीत असतात. या कामातील प्रामाणिकपणा हा शास्त्राचा नियम आहेच; आम्हांला त्यात धर्माचा नियमही दिसतो.

निवेदनापाठोपाठ भरपाईची लहानशी खूणही झाली. २ जून २०१५ रोजी मोझांबिक, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका या तीन देशांच्या पाणबुड्यांनी मोझांबिक बेटावरची माती क्लिफ्टनच्या पाण्यात सोडली. ती माती मकुआ जमातीच्या प्रमुखाने कवड्यांनी मढविलेल्या टोपलीतून पाठविली होती. घरी परत जाता आले नाही त्यांच्याकडे घर आले. पुढे त्या जहाजाची एक कप्पी आणि काही लगडी २०१६ साली वॉशिंग्टनमध्ये उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडण्यात आल्या. त्याही उसन्या म्हणून. हा ‘उसन्या’ शब्द आम्हांला फार योग्य वाटतो. अशा वस्तूंचा मालक कोणी होऊच शकत नाही; आपण केवळ राखणदार असतो.

आता आपल्याकडे वळू. मोझांबिकहून गुलाम केवळ ब्राझीलला गेले नाहीत. गोवा, दमण आणि दीव येथेही आले. केप टाउनला विकल्या गेलेल्या गुलामांत तर बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांवरचे अनेक जण होते. म्हणजे त्या समुद्रावर आपली माणसे दोन्ही बाजूंना होती. आपली चर्चे, किल्ल्यांतील भग्न मठ, कोरीव शिलालेख, वाळवी लागत चाललेल्या नोंदवह्या हीसुद्धा एका अर्थी किनाऱ्यावर लागलेली जहाजेच आहेत. त्यांची डागडुजी करताना वेदीवरचा सोनेरी मुलामा उजळावा, यात गैर काही नाही. परंतु जुन्या वहीत आडनावाशिवाय, केवळ ‘गुलाम’ म्हणून नोंदलेले एखादे बालक आढळले, तर ते पानही तितक्याच काळजीने जपावे, त्याची प्रत करून ठेवावी, आणि उत्सवाच्या स्मरणिकेत त्याला जागा द्यावी. ज्या श्रद्धेने आपल्याला मोठे केले तिच्याविषयीची कृतज्ञता याने उणी होणार नाही. कृतज्ञता सत्याला भिऊ लागली की तिची खुशामत होते.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून वेदीपाशी देतो. क्लिफ्टनला बुडालेल्या त्या २१२ जणांची नावे कोणालाही लिहिता येणार नाहीत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात म्हटल्याप्रमाणे समुद्र आपल्यातील मृतांना परत देईल त्या दिवशी ती कळतील. तोवर एखाद्या चिठ्ठीवर नावांच्या जागी नुसता तो आकडा लिहिला, तरी तो वेदीवर स्वीकारला जाईल, असा आमचा विश्वास आहे.