नाथांनी न लिहिलेली ओवी

नेवाशाच्या पैस खांबापुढे वारकरी माथा टेकतात. करवीरेश्वराच्या जुन्या देवळाचा हा उरलेला खांब. त्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो उतरून घेतला, ही आपली श्रद्धा. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. या ग्रंथात, म्हणजे ज्ञानेश्वरीत, सालाची नोंद आहे, तिथीची नाही.

मग भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती तिथी कोणती? ती पैठणच्या एकनाथ महाराजांची. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध करण्याचे काम त्यांनी या तिथीला पुरे केले. संपादनाची तिथीच ग्रंथाची जयंती व्हावी, एवढा मान या कामाला मराठी माणसाने दिला आहे.

मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत पोथी हातोहात उतरत गेली. बोरूने लिहिताना शब्द सुटे लिहायची रीत नव्हती; ओळ सलग चाले. कुठे अक्षर हुकले, कुठे ओळ गळली, जुना शब्द कळला नाही म्हणून तिथे ओळखीचा शब्द बसला. कोणा भाविकाने मनात आलेली ओवी भर म्हणून घातली आणि पुढच्याने ती मूळचीच समजून उतरवली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, तरी पाठ बिघडत गेला.

तो नीट करायला बसलेले नाथ स्वतः मोठे कवी. एकनाथी भागवत त्यांनी १५७३ सालीच काशीत पुरे केले होते. ओवी म्हणजे त्यांच्या हातचा मळ. तुटलेल्या जागी आपली एक ओवी बसवली असती, तर कोणाला कळलेही नसते. त्यांनी ते केले नाही. शेवटी स्वतःच्या नावाच्या मोजक्या ओव्या वेगळ्या जोडल्या, केलेले काम आणि साल त्यांत सांगितले आणि ज्ञानेश्वरीत कोणीही आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली.

दुसऱ्याचे लिखाण सुधारण्याचा प्रसंग आपल्यावरही येतो. मुलाचा निबंध तपासताना त्याच्या साध्या वाक्याच्या जागी आपण आपले भारदस्त वाक्य बसवतो. आजीची आठवण टिपून घेताना तिचा बोलीतला शब्द काढून पुस्तकी शब्द घालतो. कागद नीटनेटका होतो, पण त्यातून मूल जाते, आजी जाते.

म्हणून खोडण्याआधी स्वतःला विचारावे: ही चूक आहे, की माझ्याहून वेगळी अशी बोलण्याची रीत? चूक असेल तर बिनदिक्कत खोडावी. रीत असेल तर ती लिहिणाऱ्याची आहे. तिच्यावर आपला अधिकार नाही.